पगार वॉशिंग्टनचा, निष्ठा हवानाची

गोव्यात हेरगिरीचा विषय निघाला की गप्पा हमखास मुरगाव बंदरावर येऊन थांबतात. दुसरं महायुद्ध चालू होतं, पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज बंदरात नांगर टाकून बसली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेले ब्रिटिश, त्यातले बरेचसे चाळिशी ओलांडलेले कंपनीवाले साहेब, 'एरेनफेल्स' नावाच्या जर्मन जहाजावर चढले. त्या एका रात्रीत चारही जहाजांची वाट लागली, कुणाला आग लागली तर कुणाला खलाशांनीच बुडवलं. तटस्थ मुलखात घुसून केलेला हा उद्योग ब्रिटिशांनी पुढे तीस-पस्तीस वर्षं दडवून ठेवला.

गोष्ट रंगतदार आहे, वादच नाही. पण तिच्यामुळे हेर म्हटलं की रात्र, समुद्र आणि स्फोट एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. इथे सांगायचाय तो माणूस रोज सकाळी टाय बांधून कचेरीत जायचा, पंचतारांकित हॉटेलांत भाषणं द्यायचा आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन घ्यायचा. नाव व्हिक्टर मानुएल रोचा. रोशा आडनावाची घरं आपल्याकडेही आहेत, पण हा मूळचा कोलंबियाचा. अमेरिकेचा राजदूत झाला आणि त्या सगळ्या काळात मनाने आणि कामाने क्यूबाचा राहिला. १९७३ पासून २०२३ पर्यंत. पन्नास वर्षं!

आधी एक गोंधळ दूर करू. 'वकिलातीतला हेर' हे दोन अगदी वेगळ्या माणसांबद्दल म्हणता येतं.

पहिला म्हणजे स्वतःच्याच देशाने हेरगिरीसाठी पाठवलेला. त्याच्या कार्डावर 'व्यापार विभाग' किंवा 'सांस्कृतिक सचिव' असं काही छापलेलं असतं, पण खरा साहेब गुप्तचर खात्यात बसलेला असतो. असली माणसं जवळजवळ प्रत्येक मोठा देश पाठवतो आणि हे सगळ्यांना ठाऊकही असतं. तो पकडला गेला तर यजमान देश त्याला तुरुंगात टाकू शकत नाही. १८ एप्रिल १९६१ ला व्हिएन्नात राजनैतिक संबंधांचा जो करार झाला (गोवा मुक्त व्हायला तेव्हा बरोबर आठ महिने होते), त्यानुसार दूताला अटक करता येत नाही, वकिलातीत परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, तिची टपालाची थैली उघडता येत नाही. यजमानाच्या हातात एकच उपाय उरतो: 'हा माणूस आम्हाला नको' म्हणायचं आणि त्याला परतीच्या विमानात बसवायचं. वर्तमानपत्रात 'अमुक देशाने तमुक देशाच्या चार अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली' अशी बातमी येते, ती बहुतेक वेळा यांचीच.

दुसरा प्रकार घरभेद्याचा. तो खराखुरा मुत्सद्दी असतो, परीक्षा देऊन, मुलाखतीतून निवडलेला. पण आपल्याच देशाची गुपितं तो परक्याला देतो. त्याला संरक्षण कुठलंच नाही, कारण ते संरक्षण यजमान देशापासून असतं, स्वतःच्या सरकारपासून नव्हे. म्हणून अशा माणसाला पकडायचं तर बहुधा आधी मायदेशी आणावं लागतं. आपलंच उदाहरण घ्या. इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयात माहिती विभागात काम करणाऱ्या माधुरी गुप्ता यांना एप्रिल २०१० मध्ये भूतानच्या सार्क परिषदेच्या कामाचं निमित्त सांगून दिल्लीला बोलावलं आणि तिथे अटक केली. पाकिस्तानच्या आयएसआयला माहिती दिल्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

रोचा हा या दुसऱ्या जातीचा. त्याचा जन्म १९५० चा. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन न्यू यॉर्कला आली, हार्लेमसारख्या गरीब वस्तीत राहिली, कपडे शिवायच्या कारखान्यात राबली. मुलगा हुशार. शिष्यवृत्तीवर कनेक्टिकटमधल्या श्रीमंतांच्या निवासी शाळेत गेला आणि तिथे वर्णभेदाचे चटकेही खाल्ले. पुढे येल, हार्वर्ड, जॉर्जटाउन, म्हणजे अमेरिकेत जी नावं सांगितली की दारं उघडतात ती सगळी. १९७३ मध्ये येलची पदवी घेतली आणि त्याच वर्षी त्याचा चिलीशी संबंध आला. चिलीत तेव्हा डाव्या विचारांचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे सत्तेवर होते आणि सप्टेंबरात लष्कराने त्यांचं सरकार उलथवलं. लॅटिन अमेरिकेतल्या एका अख्ख्या तरुण पिढीचा अमेरिकेवरचा विश्वास त्या उठावाने उडाला. रोचा क्यूबाच्या कामाला लागला तो याच वर्षी, असं अमेरिकी सरकारचं म्हणणं आणि कोर्टात त्याने ते मान्य केलं.

१९७८ ला अमेरिकेचं नागरिकत्व, १९८१ ला परराष्ट्र खात्यात नोकरी. हा क्रम नीट बघा. नोकरीत असताना तो फितूर झाला नाही, फितूर होऊन तो नोकरीत शिरला. हेरगिरीच्या धंद्यात ही सगळ्यांत चिवट जात. चढलेल्या अधिकाऱ्याला फोडायचं तर पैसा लागतो, धाक लागतो, शिवाय तो मध्येच घाबरून सगळं ओकण्याची भीती. त्यापेक्षा विशीतला, विचारांनी भारलेला पोरगा हेरून ठेवायचा आणि तो वर चढायची वाट बघत बसायचं. पाच-पंचवीस वर्षं वाट बघायची तयारी मात्र पाहिजे. क्यूबाकडे अमेरिकेइतका पैसा नव्हता, पण ही चिकाटी भरपूर होती.

आणि तो चढला. डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, मेक्सिको. १९९४-९५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांना सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत लॅटिन अमेरिकेचा विभाग, त्यात क्यूबाही आला. मग १९९५ ते १९९७ थेट क्यूबाच्या राजधानीत, हवानामध्ये, तिथल्या अमेरिकी कचेरीतला दोन नंबरचा अधिकारी.

'कचेरी' असं मुद्दाम म्हटलं, कारण अमेरिकेची हवानात तेव्हा वकिलात नव्हती. १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी संबंध तोडले होते. संबंध तुटले तरी कामं थांबत नाहीत: कुणाचा नातेवाईक मरतो, कुणाला व्हिसा हवा असतो. अशा वेळी तिसरा देश मध्ये घेतला जातो आणि त्याच्या नावाखाली काम चालतं. अमेरिकेसाठी हे स्वित्झर्लंडने केलं. पुढे १९७७ पासून इमारतीत माणसं अमेरिकी, पण कागदोपत्री छत्र स्विसांचं, अशी व्यवस्था झाली. गोमंतकीयाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १९५५ मध्ये, ज्या वर्षी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या त्याच वर्षी, भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटले आणि पणजीतली भारताची कॉन्सुलेट कचेरी बंद झाली. गोव्यात भारताच्या वतीने इजिप्तने आणि भारतात पोर्तुगालच्या वतीने ब्राझीलने काम पाहिलं. सीमेपलीकडे माहेर असलेल्या बायकांचे, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलग्यांचे कागद असे परक्यांच्या हातून फिरत. हे संबंध पुन्हा जुळले ते ३१ डिसेंबर १९७४ ला.

तर अशा अर्धवट वकिलातीत रोचा बसला होता. क्यूबाशी भांडण असलेल्या देशाचा, क्यूबात राहणारा, क्यूबावर अहवाल लिहिणारा अधिकारी, आणि तो क्यूबाचाच माणूस! याच काळात, २४ फेब्रुवारी १९९६ ला, मायामीतल्या क्यूबन निर्वासितांच्या संघटनेची दोन लहान विमानं क्यूबाच्या लढाऊ विमानांनी पाडली आणि चार माणसं गेली. त्या आठवड्यांत हवानाहून वॉशिंग्टनला काय लिहून गेलं आणि वॉशिंग्टनचं काय हवानाला कळलं, हे प्रश्न त्या चौघांच्या घरच्यांनी नंतर विचारले, ते साहजिकच आहे.

आता मुख्य मुद्दा. असा माणूस नेमकं नुकसान काय करतो? गुप्त कागद पळवतो, हे सरळ उत्तर. नॉर्वेच्या परराष्ट्र खात्यातला आर्ने ट्रेहोल्ट जानेवारी १९८४ मध्ये ऑस्लो विमानतळावर पकडला गेला तेव्हा त्याच्या बॅगेत कागद होते आणि तो व्हिएन्नाला केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर खात्याच्या, माणसाला भेटायला निघाला होता. हा प्रकार कळायला सोपा आहे. मुत्सद्द्याच्या बाबतीत मात्र खरी गोम दुसरीकडे असते.

मुत्सद्द्याचं काम म्हणजे ऐकणं, तोलणं आणि लिहून पाठवणं. पूर्वीही तेच होतं. पेशव्यांच्या दरबारात पोर्तुगीजांचे वकील म्हणून गोव्यातलेच हिंदू गृहस्थ बसत. दरबारात कुणाचं चालतंय, कोण रुसलंय, फौज कुठल्या दिशेने निघाली, हे सगळं ते गोव्याला कळवत. पणजीच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी असल्या दूतांची कागदपत्रं शोधून छापली, म्हणून आज ती वाचायला मिळतात. आता कल्पना करा, गोव्याच्या गव्हर्नराने ज्याच्या पत्रावर भरवसा ठेवून निर्णय घ्यायचा तो वकीलच मनातून पेशव्यांचा असता तर? त्याला काहीही चोरावं लागलं नसतं. एखादी गोष्ट जरा उशिरा लिहायची, एखादी जरा हलकी करून लिहायची, एवढ्यावर काम भागलं असतं. खाणीवरून एक ट्रक चोरीला गेला तर कळतो. वजनकाट्यावरचा कारकूनच फुटलेला असेल तर रजिस्टर चोख दिसतं आणि किती माल गेला ते वर्षानुवर्षं कुणालाही कळत नाही.

रोचाच्या बाबतीत याचं सगळ्यांत गमतीदार, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, उदाहरण बोलिव्हियाचं. २००० ते २००२ तो तिथे राजदूत होता. २००२ च्या निवडणुकीत एव्हो मोरालेस नावाचा कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा नेता उभा होता. डावा, क्यूबाचा मित्र, अमेरिकेचा कट्टर विरोधक. मतदानाला काही दिवस उरले असताना रोचाने जाहीर भाषणात बोलिव्हियन जनतेला दम भरला: कोकेनच्या व्यापाराला मोकळं रान देणाऱ्यांना निवडून द्याल तर अमेरिकेची मदत बंद होईल. लोक भडकले. तुम्ही कोण आम्हाला सांगणारे, असं झालं आणि मोरालेसची मतं वाढली. तो जवळजवळ २१ टक्के मतं घेऊन दुसरा आला, पहिल्याला होती साडेबावीसच्या आसपास. रोचा हाच माझा सर्वांत चांगला प्रचारप्रमुख, असं मोरालेसने हसत हसत म्हटलं. २००५ च्या डिसेंबरात तो अध्यक्ष म्हणून निवडून आला.

त्या वेळी सगळ्यांनी याला एका उर्मट अमेरिकी राजदूताची घोडचूक मानलं. रोचाच्या अटकेनंतर ते भाषण पुन्हा वाचलं गेलं. आता ते दोन्ही बाजूंनी वाचता येतं. कट्टर अमेरिकावादी म्हणून त्याने धमकी दिली आणि ती उलटली, किंवा ती उलटणारच हे ओळखून दिली. त्याच्या एकवीस वर्षांच्या नोकरीतल्या प्रत्येक तारेची, प्रत्येक शिफारशीची हीच गत झाली. घरभेद्याने केलेलं नुकसान मोजता येत नाही ते यामुळे. काय चोरलं त्याची यादी होईल एक वेळ, काय वाकवलं त्याची कशी करणार?

नोकरी सोडल्यावरही तो थांबला नाही. २००६ ते २०१२ या काळात तो अमेरिकी लष्कराच्या दक्षिण विभागाच्या प्रमुखाचा सल्लागार होता, आणि क्यूबा त्याच विभागाच्या अखत्यारीत येतो. मध्येच डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सोन्याच्या खाणीच्या कंपनीत मोठं पद. मायामीत राहायचा, कम्युनिस्टांवर तोंडसुख घ्यायचा, ट्रम्पचा समर्थक म्हणून ओळखला जायचा. हे सोंग त्याने ठरवून वठवलं होतं. उजव्या विचारांचा माणूस म्हणून आपण एक खोटी ओळख तयार केली, असं तो पुढे स्वतःच बोलून बसला. सोंग इतकं बेमालूम होतं की २००६ च्या सुमारास क्यूबातून पळून आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्याचं नाव सांगितलं, तेव्हा ते ऐकणाऱ्या माजी सीआयए माणसाचा विश्वास बसला नाही. क्यूबाच एका चांगल्या माणसाला बदनाम करू पाहतेय, असं त्याला वाटलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ही हकीकत नंतर छापली.

पैशासाठी त्याने हे केलं असं दिसत नाही. साधारणपणे माणूस फुटतो तो पैसा, धाक, विचार, प्रेम, नाहीतर दुखावलेला मान यांपैकी कशाने तरी. नॉर्वेच्याच मॉस्को वकिलातीतली सचिव गुनव्होर होविक युद्धात एका सोव्हिएत कैद्याच्या प्रेमात पडली आणि त्या धाग्याला धरून केजीबीने तिला सुमारे तीस वर्षं वापरलं. क्यूबाला मिळालेली अमेरिकी माणसं मात्र बहुतेक विचारांनी आलेली. लष्करी गुप्तचर खात्यातली आना मोंतेस २००१ मध्ये पकडली गेली, तीही तशीच. परराष्ट्र खात्यातला केंडल मायर्स आणि त्याची बायको ग्वेंडोलिन २००९ मध्ये. हवानाचे निरोप त्यांना शॉर्टवेव्ह रेडिओवरून सांकेतिक भाषेत यायचे. माहिती पोचवायची बाईंची आवडती रीत होती किराणा दुकानात सामानाच्या ढकलगाड्यांची अदलाबदल करायची. मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन बायकांच्या पिशव्या बदलल्या तर कोण बघतंय!

विचारांनी आलेल्या हेराच्या बँकखात्यात काही सापडत नाही, राहणीमान अचानक उंचावत नाही. म्हणून तपास करणाऱ्यांना एकच वाट उरते: त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेकडे रोचाबद्दल माहिती आलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप आला. पाठवणारा म्हणाला, मी मिगेल, हवानातल्या तुमच्या मित्रांचा निरोप आणलाय. हा मिगेल एफबीआयचाच माणूस. मायर्सलाही याच युक्तीने पकडलं होतं. तेव्हा क्यूबाचा दूत बनून आलेल्या माणसाने त्याला वाढदिवसाची सिगार दिली होती. रोचा बहात्तर वर्षांचा होता. दुर्लक्ष केलं असतं तर कदाचित सुटला असता. पण तो मायामीतल्या एका चर्चसमोर भेटायला तयार झाला.

भेटायला येताना तो सरळ आला नाही. वाकडी वाट घेतली, मध्ये थांबला, कोणी मागावर आहे का ते बघितलं. जुना धडा अंगात मुरलेला. आणि एवढी खबरदारी घेऊन समोरच्या अनोळखी माणसाजवळ मात्र तो मनसोक्त बोलला, तेही एकदा नव्हे, तीनदा. फिदेल कास्त्रोचा उल्लेख 'कमांडर' म्हणून, अमेरिकेचा 'शत्रू' म्हणून. आपण जे केलं ते प्रचंड होतं, बेसबॉलमधल्या सगळ्यांत मोठ्या फटक्यापेक्षाही मोठं, असं अभिमानाने सांगितलं. आपल्याला धोका फक्त कुणाच्या तरी फितुरीचा, हेही त्याने तिथेच म्हटलं. तिसऱ्या भेटीत मिगेलने विचारलं, तुम्ही अजून आमच्यासोबत आहात ना? तेव्हा तो चिडला. माझ्या मर्दानगीवरच शंका घेतल्यासारखं आहे हे, असं म्हणाला. सगळं रेकॉर्ड होत होतं.

मला या माणसात सगळ्यांत कळण्यासारखी वाटते ती ही जागा. पन्नास वर्षं केलेल्या कामाबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती, देऊ शकतही नव्हतं. ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा माणूस एकदाचा समोर आला आणि तो नेमका एफबीआयचा निघाला.

१ डिसेंबर २०२३ ला अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं तेव्हा अशा कुणाला भेटल्याचं त्याने साफ नाकारलं. फोटो दाखवल्यावर म्हणाला, हा माणूस एकदाच स्वतःहून जवळ आला होता. त्याच दिवशी अटक झाली.

शिक्षा झाली पंधरा वर्षांची. ती ऐकून अनेकांना प्रश्न पडला: पन्नास वर्षांच्या फितुरीला फक्त पंधरा? याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत हेरगिरीचा आरोप ठेवायचा तर संरक्षणाशी संबंधित अमुक गुप्त माहिती अमुक माणसाने परक्याला दिली, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. रेकॉर्डिंगमध्ये बढाई होती, कबुली होती, पण कुठला कागद कधी दिला ते नव्हतं. शिवाय असे तपशील भर कोर्टात मांडायचे तर सरकारला स्वतःचीच आणखी गुपितं उघडी करावी लागतात. म्हणून आरोप ठेवला तो सरकारला न कळवता परक्या देशाचा हस्तक म्हणून काम केल्याचा. त्याला जास्तीत जास्त दहा वर्षं, कटाची पाच, मिळून पंधरा. १२ एप्रिल २०२४ ला मायामीच्या न्यायाधीशांनी ती सगळी दिली, वर पाच लाख डॉलरचा दंड.

गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात काही अटी त्याला मान्य कराव्या लागल्या. आपण काय काय केलं हे शोधायला तपास यंत्रणांना मदत करायची. परराष्ट्र खात्याच्या नोकरीची पेन्शन सोडून द्यायची. आणि या सगळ्यावर उद्या पुस्तक लिहिलंच, तर त्याचे पैसे अमेरिकी सरकारला द्यायचे.